समुद्रावर रेडिओ गप्प होतो तेव्हा

६ सप्टेंबर २०१७. इर्मा नावाचं चक्रीवादळ कॅरिबियन बेटांवर धडकून बार्बुडा आणि सेंट मार्टिनची धूळधाण करत होतं. त्याच दिवशी सूर्यावर एक्स ९.३ तीव्रतेचा भडका उडाला. त्या सौरचक्रातला तो सर्वांत मोठा भडका. वादळग्रस्तांना मदत मिळावी म्हणून धडपडणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांचे संच काही तास जवळजवळ मुके झाले. आणखी दक्षिणेला, ब्राझील आणि फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यापलीकडे, अटलांटिकवरून चाललेल्या एका विमानाशी फ्रेंच हवाई वाहतूक यंत्रणेचा रेडिओसंपर्क सुमारे दीड तास तुटला.

विमान संकटात नव्हतं. संचापासून किनाऱ्यापर्यंतची वाट सूर्याने बंद केली होती, इतकंच. पण नियंत्रण कक्षात कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला ते कळायला काही मार्ग नसतो. त्याला एवढंच ठाऊक असतं, की अमुक वाजता आवाज यायला हवा होता आणि तो आला नाही. संच जळाला असो, अँटेना निकामी झाली असो, वैमानिकाने चुकीची वारंवारता लावली असो किंवा विमानच उरलं नसो, किनाऱ्यावर ऐकू येणारी खरखर एकसारखीच असते. समुद्रावरच्या विमानप्रवासाचे बरेचसे नियम या एका अडचणीतून जन्मले आहेत. संपर्क तुटल्यावर वैमानिकाने डोकं लढवून नवा मार्ग काढावा, अशी अपेक्षा ते करत नाहीत. निघताना जे ठरलं होतं ते तंतोतंत करत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात हे आम्हाला न विचारताही सांगता येईल, असं ते सांगतात. हे समजण्यासाठी आधी आवाज समुद्रापलीकडे जातो कसा, ते पाहायला हवं.

विमानातला रोजच्या वापरातला रेडिओ व्हीएचएफ जातीचा असतो. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा त्याचा पट्टा. आवाज स्वच्छ येतो, शब्द कळतो. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाला याहून सोयीचं काही नाही. मात्र या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. ३५,००० फुटांवरच्या विमानाला किनाऱ्यावरचं केंद्र साधारण ४०० किलोमीटरपर्यंतच 'दिसतं'. त्यापलीकडे ते क्षितिजाखाली जातं, मग संचाची शक्ती कितीही वाढवा. मुंबईहून नैरोबीला निघालेलं विमान घ्या. सुमारे साडेचार हजार किलोमीटरच्या या वाटेत सोमालियाचा किनारा लागेपर्यंत तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला किनारा सोडल्यावर अर्ध्या तासात मुंबईचा व्हीएचएफ आवाज विरळ होऊ लागतो. पुढे अरबी समुद्राच्या मध्यावर कोणाचाच आवाज नसतो.

तिथे कामाला येतो तो एचएफ, म्हणजे लघुलहरींचा रेडिओ. मराठी वाचकाला या लहरींची ओळख विमानाआधी गाण्यांमुळे झालेली आहे. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटगीतांना दार बंद झालं आणि घराघरांतले काटे रेडिओ सिलोनकडे वळले. बिनाका गीतमाला कोलंबोहून दीड हजार किलोमीटर ओलांडून पुण्यात, सोलापुरात, नागपुरात ऐकू यायची. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना आवाजाचं ते वर-खाली होणं आठवत असेल. गाणं मध्येच दूर जाई, शिट्टी वाजे, एखादं परदेशी केंद्र आत घुसे आणि पुन्हा निवेदक अमीन सयानींचा आवाज स्पष्ट होई. समुद्रावरचा वैमानिक आजही एचएफवर बोलतो तेव्हा त्याच वाटेने बोलतो आणि त्याच्या कानावर तीच खरखर येते. फरक एवढाच, की गाण्याची ओळ चुकली तर चालतं, उंचीचा आकडा चुकून चालत नाही.

ही वाट वातावरणाच्या वरच्या भागातून जाते. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाला तार बांधून इंग्लंडमधल्या पोल्धूहून आलेलं मोर्सचं 'एस' अक्षर ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा ते अनेकांना पटलं नाही. गोल पृथ्वीवरून लहर अटलांटिकला वळसा कसा घालेल? पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं, की वर हवेत विद्युतभारित कणांचा थर असावा आणि लहर त्याच्यावरून परतत असावी. एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने तो थर आहे हे दाखवलं. त्यासाठी १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रा यांचा वरच्या वातावरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या संशोधकांनी तो वापरला. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात मित्रांचं नाव आपण जितक्या वेळा घ्यायला हवं तितक्या वेळा घेत नाही, असं मला वाटतं.

या थराला आयनांबर म्हणतात. सूर्याचे अतिनील आणि क्ष किरण हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्यातून तो बनतो. म्हणून तो दिवसा एक असतो आणि रात्री दुसरा. दिवसा वरच्या वारंवारता चालतात, सूर्य मावळला की खाली यावं लागतं. समुद्रावरच्या प्रत्येक एचएफ केंद्राकडे त्यासाठी अनेक वारंवारता असतात आणि पहाटे-संध्याकाळी वैमानिकाला एकीवरून दुसरीवर जावं लागतं. सूर्यावर मोठा भडका उडाला की क्ष किरणांचा लोंढा आयनांबराच्या सर्वांत खालच्या, डी थरावर आदळतो. तो थर एकाएकी दाट होतो आणि वर निघालेली लघुलहर परावर्तित होण्याआधीच गिळून टाकतो. हे घडतं फक्त उजेडाच्या बाजूला. क्ष किरण प्रकाशाच्याच वेगाने, आठ मिनिटांत येतात. म्हणजे भडका दुर्बिणीत दिसतो त्याच क्षणी रेडिओही बंद पडलेला असतो. आधी सूचना देणं शक्यच नसतं. इर्माच्या दिवशी कॅरिबियनमध्ये सकाळ होती.

एचएफच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं, हे प्रवाशांना सहसा माहीत नसतं. तिथे बहुतेक ठिकाणी नियंत्रक नसून रेडिओ ऑपरेटर असतो. उत्तर अटलांटिकच्या पूर्व बाजूचं काम आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या बॅलीगिरीन या गावातून चालतं. तिथला ऑपरेटर वैमानिकाचा निरोप ऐकतो, टंकित करतो आणि स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकच्या नियंत्रकाकडे पाठवतो. उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. शॅनन आणि प्रेस्टविक ही दोन नावं जोडूनच त्या आकाशाचं नाव 'शॅनविक' पडलं. पलीकडच्या अर्ध्या भागात कॅनडाचं गँडर. अरबी समुद्राचा मोठा भाग मुंबईच्या हद्दीत येतो आणि तिथे वैमानिक 'मुंबई रेडिओ' अशी हाक मारतो. निरोपाचा साचा ठरलेला असतो: विमानाचं नाव, कोणत्या बिंदूवर आहे, किती वाजता आला, उंची किती, पुढचा बिंदू कोणता आणि तिथे किती वाजता पोचणार, त्याच्या पुढचा कोणता. ऑपरेटर सगळं परत वाचून दाखवतो. पुढच्या बिंदूची वेळ या निरोपात असते, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी; संपर्क तुटल्यावर किनाऱ्याच्या हातात तेवढीच उरते.

तासन् तास खरखर ऐकत बसण्याचा वैमानिकांचा त्रास सेलकॉल या युक्तीने १९५७ पासून कमी झाला. प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत दिलेला असतो आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक ठरावीक सूर. किनाऱ्यावरून त्या चार सुरांची जोडी-जोडीने हाक गेली की त्याच विमानात घंटी वाजते, दिवा लागतो. सोळा अक्षरांतून असे १०,९२० संकेत बनतात आणि जगातली विमानं त्याहून जास्त. त्यामुळे एकच संकेत दोन विमानांना द्यावा लागला. ती दोन शक्यतो एकमेकांपासून दूरच्या आकाशात उडावीत, एवढी काळजी घेतली गेली. अलीकडे सुरांची संख्या दुप्पट करून ही टंचाई सोडवली जात आहे. समुद्राच्या तोंडाशी पहिला संपर्क झाला की वैमानिक सेलकॉल तपासून मागतो. घंटी वाजली, तरच हेडफोन उतरवायचा.

या सगळ्या व्यवस्थेमागे काही माणसांचे जीव गेले आहेत. १५ ऑगस्ट १९२८ रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचं 'जनरल माचाडो' हे फोकर विमान हवानाहून फ्लोरिडातल्या की वेस्टला निघालं. अंतर जेमतेम १७० किलोमीटर. तरीही ते वाट चुकलं, इंधन संपलं आणि मेक्सिकोच्या आखातात एका तेलवाहू जहाजाजवळ पाण्यात उतरावं लागलं. एक प्रवासी दगावला. विमानात रेडिओ सांभाळत होते ह्यूगो ल्युटेरिट्झ. ते जखमी झाले, वाचले, आणि त्यानंतरची वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली: विमानाचा आवाज ज्या दिशेने येतो ती दिशा जमिनीवरून मोजून वैमानिकाला सांगणारी यंत्रणा. नोव्हेंबर १९३५ मध्ये 'चायना क्लिपर' कॅलिफोर्नियाहून मनिलाला टपाल घेऊन निघालं, तेव्हा प्रशांत महासागरातल्या बेटाबेटांवर हे दिशाशोधक उभे होते. विमान आवाज देत राहील तोवर त्याची दिशा सांगता येत होती.

आवाज द्यायचा राहिला तर? २८ जुलै १९३८ रोजी त्याच ताफ्यातलं 'हवाई क्लिपर' हे उडतं जहाज गुआमहून मनिलाला जात होतं. आत पंधरा माणसं. दुपारी बाराच्या सुमारास फिलिपाइन्समधल्या पनाय बेटावरच्या ऑपरेटरने हवामानाचा निरोप द्यायला सुरुवात केली, तेव्हा विमानातून उत्तर आलं, की पावसामुळे खरखर फार आहे, मिनिटभर थांबा. त्यानंतर काहीच आलं नाही. विमान सापडलं नाही आणि कारण आजही कोणाला माहीत नाही. खरखरीनेच ते बुडालं असं म्हणता येणार नाही. पण त्या एका मिनिटात किनाऱ्याला थांबण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

पावसाची ती खरखर खरी असते. पावसाचे थेंब, बर्फाचे कण विमानाच्या अंगावर घासून जातात तेव्हा अंगावर स्थिर विद्युतभार साठतो आणि टोकाटोकांवरून ठिणग्यांनी निसटू लागतो. अशी प्रत्येक ठिणगी स्वतः एक छोटं रेडिओ केंद्र असते. सगळ्या मिळून संचाचे कान बधिर करतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने यावर खास संशोधन करवून घेतलं. पुढच्या वेळी विमानात खिडकीजवळची जागा मिळाली, तर पंखाच्या मागच्या कडेला लावलेल्या बोटभर लांबीच्या काड्या पाहा. साठलेला भार त्या शांतपणे, ठिणगी न पाडता हवेत सोडून देतात. वैमानिकाला ऐकू यावं यासाठी त्या आहेत.

नंतर उपग्रह आले. १९९५ मध्ये दक्षिण प्रशांतावर उडणाऱ्या बोइंग ७४७-४०० विमानांतून एक नवी सोय सुरू झाली. वैमानिक आणि नियंत्रक उपग्रहामार्फत एकमेकांना लिखित संदेश पाठवू लागले, आणि विमान ठरावीक वेळाने आपली जागा आपोआप कळवू लागलं. लिहिलेल्या आकड्यात खरखर नसते आणि ऐकण्याची चूक होत नाही. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान ८ मार्च २०१४ रोजी २३९ माणसांसह नाहीसं झालं, त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मोठ्या प्रवासी विमानांची जागा समुद्रावर किमान दर पंधरा मिनिटांनी कळत राहावी असा नियम केला. २०१९ मध्ये इरिडियमच्या ६६ उपग्रहांवर बसवलेले रिसीव्हर उत्तर अटलांटिकवरच्या विमानांचे संकेत थेट टिपू लागले. जिथे कधी रडार पोचलं नव्हतं, तिथलं चित्र नियंत्रकाच्या पडद्यावर आलं. तरी एचएफचा संच विमानातून गेलेला नाही. विषुववृत्ताच्या वर फिरणारे संपर्क उपग्रह ध्रुवाजवळ क्षितिजाला टेकतात आणि ८० अंशांच्या पुढे त्यांचा भरवसा राहत नाही. शिवाय उपग्रहाची यंत्रणाही कधीतरी बंद पडतेच.

विमानात सहसा व्हीएचएफचे तीन संच असतात, एचएफचे दोन, आणि त्यावर उपग्रहाचा फोन. सगळेच एका वेळी मेले, असं फार क्वचित होतं. तुटलेल्या संपर्कामागे बहुतेक वेळा साधं कारण निघतं: वारंवारता लावताना एक आकडा चुकला, आवाजाची कळ खाली राहिली, बोलायचं बटण दाबलेलंच अडकून बसलं. हे अडकलेलं बटण विशेष वाईट, कारण ते फक्त स्वतःला मुकं करत नाही. त्या वारंवारतेवरच्या सगळ्यांचं बोलणं ते दाबून टाकतं, आणि ज्याचं अडकलं आहे त्याला काहीच कळत नाही. म्हणून वैमानिक आधी स्वतःच्या आसपास पाहतात. दुसरा हेडफोन, दुसरा माइक, दुसरा संच, सर्किट ब्रेकर, आधीची वारंवारता, मग रात्र-दिवसाची दुसरी. तरीही जमलं नाही तर उपग्रहाचा फोन किंवा लिखित संदेश. आणि मग आसपासची विमानं. १२३.४५ मेगाहर्ट्झ ही वारंवारता समुद्रावरच्या वैमानिकांनी एकमेकांशी बोलण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि आणीबाणीची १२१.५ सगळेच ऐकत असतात. व्हीएचएफ किनाऱ्यापर्यंत पोचत नसला तरी शे-दोनशे किलोमीटरवर त्याच उंचीवर उडणाऱ्या विमानापर्यंत नक्की पोचतो. ते विमान निरोप घेतं आणि आपल्या एचएफवरून पुढे देतं. कोणत्या कंपनीचं, कोणत्या देशाचं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. समुद्रावरच्या या आपलेपणाबद्दल मला फार आदर वाटतो.

कधी संच अर्धाच मरतो. बोलता येतं, ऐकू येत नाही. वैमानिक अमेलिया इअरहार्टचं २ जुलै १९३७ रोजी जवळपास असंच झालं. हाउलंड बेटाशी उभ्या असलेल्या 'इटास्का' जहाजाला तिचा आवाज ठणठणीत येत होता, जहाजाचा आवाज मात्र तिच्यापर्यंत पोचत नव्हता. आजच्या नियमात अशा वेळी आंधळं प्रक्षेपण करायचं असतं. आपल्याला ऐकू येत नाही हे आधी सांगायचं, मग ठरलेल्या वेळी ठरलेला निरोप दोनदा द्यायचा आणि पुढचा निरोप किती वाजता देणार तेही सांगायचं. कोणीतरी ऐकत आहे असं धरून बोलत राहायचं. बहुतेक वेळा कोणीतरी ऐकत असतंच.

आणि काहीच चाललं नाही, तर? रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आकडा लावायचा. जगभर त्याचा अर्थ एकच: रेडिओ गेला. खोल समुद्रावर रडार नसल्यामुळे पूर्वी हा आकडा किनारा जवळ येईपर्यंत वाचायला कोणी नसे. तरीही तो लावायचाच. खरी मदत असते ती निघताना मिळालेल्या मंजुरीची. समुद्रात शिरण्यापूर्वी विमानाला वाट, उंची आणि वेग या तीनही गोष्टी ठरवून दिलेल्या असतात. वेग ध्वनीच्या वेगाच्या पटीत, शंभराव्या भागापर्यंत नेमका. हे नेमकेपण हौसेचं नव्हे. रडारच्या आधाराविना उडणाऱ्या विमानांमध्ये पूर्वी आजूबाजूला साठ नॉटिकल मैल आणि पुढे-मागे दहा मिनिटांचं अंतर राखत. ते राखलं जायचं नुसत्या हिशेबावर. मागचं विमान पुढच्याहून किंचित वेगाने गेलं, तर चार तासांत ते दहा मिनिटं खाऊन टाकू शकतं.

म्हणून उत्तर अटलांटिकसारख्या गजबजलेल्या आकाशात नियम असा आहे, की संपर्क तुटला तर समुद्र ओलांडेपर्यंत मिळालेली वाट, उंची आणि वेग बदलायचा नाही. ऐकायला सोपं, पाळायला अवघड. इंधन जळतं तसं विमान हलकं होतं आणि त्याला वर चढावंसं वाटतं. वरच्या विरळ हवेत इंधन वाचतं. एरवी वैमानिक परवानगी मागून दोन हजार फूट चढतो. आता परवानगी मागायला कोणी नाही, आणि फक्त हजार फूट वर दुसरं विमान असू शकतं. तेव्हा खालीच राहायचं, जास्त इंधन जाळायचं. त्यासाठीचा साठा टाकीत मुद्दाम ठेवलेला असतो. परत फिरायचाही मोह होतो, पण समोरून आणि बाजूंनी येणाऱ्यांना ते माहीत नसतं. जगभरच्या सर्वसाधारण नियमातही, ढगातून उडताना आणि रडार नसताना, ठरलेल्या बिंदूचा निरोप द्यायचा राहिल्यापासून वीस मिनिटं उंची आणि वेग तसाच ठेवून मग आधी दाखल केलेल्या आराखड्याप्रमाणे जायचं असतं. तेवढ्या वेळात जमिनीवरचा नियंत्रक इतर विमानांना बाजूला घेतो.

संकट रेडिओपुरतं नसेल, इंजिन गेलं असेल, तर वाट सोडावीच लागते. त्यासाठीही रीत ठरलेली आहे: तीस अंशांनी वळून पाच नॉटिकल मैल बाजूला व्हायचं, इतर विमानं ज्या उंचींवर उडतात त्यांच्या मधल्या पाचशे फुटांवर जायचं, बाहेरचे सगळे दिवे लावायचे, आणि १२१.५ व १२३.४५ वर सांगत राहायचं. घाईच्या क्षणीही वागणं इतरांना ओळखू येईल असंच असावं लागतं.

हे सगळं विमान ठरलेल्या वाटेवर आहे या गृहीतावर उभं आहे. ते गृहीत किती महाग पडू शकतं, हे १ सप्टेंबर १९८३ ला दिसलं. कोरियन एअर लाइन्सचं ००७ क्रमांकाचं विमान अँकरेजहून सोलला निघालं. स्वयंचलित चालक दिशेच्या स्थितीतच राहिला, आराखड्याप्रमाणे वाट धरायच्या स्थितीत गेलाच नाही. विमान हळूहळू उजवीकडे, सोव्हिएत हद्दीकडे सरकू लागलं. अलास्काचा किनारा सोडल्यानंतर एका बिंदूवर वैमानिकांना अँकरेजचं व्हीएचएफ मिळेना. थोडं मागून येणारं त्याच कंपनीचं ०१५ हे विमान मात्र आरामात बोलत होतं. त्याने ००७ चा निरोप पुढे दिला, जसं कोणीही देतं. निरोपातला आकडा वाटेवरचा होता, विमान वाटेवर नव्हतं. व्हीएचएफ न मिळणं ही बहुधा सर्वांत स्पष्ट खूण होती: इथे ऐकू यायला हवं होतं, येत नाही, म्हणजे आपण 'इथे' नाही. ती खूण कॉकपिटमध्ये कोणी वाचली नाही, किनाऱ्यावरही नाही. दोन विमानांनी सांगितलेल्या वाऱ्यात मोठा फरक होता, तोही दुर्लक्षितच राहिला. काही तासांनी वाटेपासून शेकडो किलोमीटर दूर, सखालिनजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. जीपीएस सर्व देशांच्या नागरी विमानांना खुलं करू, ही घोषणा अमेरिकेने त्याच महिन्यात केली.

मला या घटनेत रेडिओच्या बिघाडाचं सर्वांत कठीण रूप दिसतं. संच ठीक असतो, निरोप पोचतो, सगळ्यांचं समाधान होतं, आणि तो का अडखळला होता हे विचारायचं राहून जातं. आज वैमानिकांना प्रत्येक बिंदू ओलांडल्यावर दहा मिनिटांनी नकाशावर आपली जागा पुन्हा तपासायला शिकवतात.

किनाऱ्यावरच्या माणसासाठीही पायऱ्या आहेत. निरोप यायला हवा होता त्या वेळेनंतर तीस मिनिटं काहीच आलं नाही, की अनिश्चिततेची अवस्था जाहीर होते. शोध चालूच राहतो: दुसऱ्या वारंवारता, शेजारचे नियंत्रण कक्ष, आसपासची विमानं, विमान कंपनीचा फोन. तरीही पत्ता नसेल तर सावधानतेची अवस्था, आणि त्यानंतर संकटाची; तेव्हा बचाव यंत्रणा हलते. हे कागदावर जितकं सरळ तितकं दोन देशांच्या हद्दींमध्ये राहत नाही. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकात कोसळलं, २२८ माणसं गेली. कारण रेडिओ नव्हतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठलं आणि पुढची पडझड झाली. पण ब्राझीलचा आवाज सुटण्याच्या सुमारास सेनेगलमधल्या डाकारशी डेटा जोडण्याचा वैमानिकांनी तीनदा केलेला प्रयत्न फसला होता, कारण उड्डाणाचा आराखडा डाकारच्या यंत्रणेत नव्हता. डाकारला आवाज आला नाही याची कोणालाच तातडी वाटली नाही, कारण त्या भागात एचएफ न लागणं नेहमीचंच झालं होतं. संकटाचा पहिला रीतसर इशारा निघायला सहा तासांहून अधिक गेले. रोजची गैरसोय अंगवळणी पडली की शांतता ऐकू येईनाशी होते. त्या आकाशातल्या संपर्कावर त्यानंतर बरंच काम झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

ज्या विमानाचा फक्त रेडिओ गेला आहे, ते मात्र समुद्र ओलांडून ठरलेल्या विमानतळावर येतं. इंजिन, सुकाणू, दिशादर्शन यांचा रेडिओशी संबंध नसतो. आतल्या प्रवाशांना बहुधा काही कळतही नाही. ते नियोजित वेळेला खाली येऊ लागतं आणि त्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत उतरण्याचा प्रयत्न करतं. नियंत्रक तेवढा काळ त्याच्यासाठी आकाश मोकळं ठेवतो. मनोऱ्यात अजूनही एक दिव्याची बंदूक असते. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या, घिरट्या घालत राहा. लुकलुकणारा लाल म्हणजे हा विमानतळ सुरक्षित नाही, इथे उतरू नका. दिवसा वैमानिक पंख हलवून, रात्री उतरण्याचे दिवे दोनदा लावून-विझवून कळलं असं सांगतो. उतरल्यावर तांत्रिक नोंदवहीत बिघाड लिहिला जातो. तंत्रज्ञ शेपटीच्या उभ्या पंखात दडलेली एचएफची अँटेना आणि ती प्रत्येक वारंवारतेला जुळवून घेणारं यंत्र तपासतात. लांब पल्ल्याचे किती संच चालू असल्याशिवाय समुद्रावर जायचं नाही हे ठरलेलं असतं, आणि ते पुरे झाल्याशिवाय त्या विमानाला पाण्यावरच्या वाटेची परवानगी मिळत नाही.